चढते आकडे

माझा धाकटा भाऊ डॉक्टर आहे, पण त्याच्याकडे सर्दी-पडशाचं औषध मागायला जाऊ नका. तो उकळण्याचा डॉक्टर आहे. मोठ्या इमारती गार ठेवणारं जे चिलर असतं, त्याच्या पोटात तांब्याच्या नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांतून पाणी फिरतं आणि नळ्यांभोवती गॅस द्रव होऊन भरलेला असतो. तो पाण्याची उष्णता खाऊन उकळतो आणि पाणी गार होऊन बाहेर पडतं. तो किती जोरात उकळेल हे एकही नळी बसवण्याआधी कागदावर सांगता येतं, असं माझ्या भावाचं म्हणणं. त्याचं तसं एक सूत्र आहे. त्या सूत्रावर त्याला पदवी मिळाली, केबिन मिळाली, आणि आमच्या कारखान्यात त्याच्या सहीशिवाय एक नळी कापली जात नाही.

ते सूत्र ज्या आकड्यांवर उभं आहे, ते आकडे माझे. अठरा वर्षांपूर्वी चाचणीच्या टाकीसमोर उभं राहून मी ते एकेक करून लिहिले, आणि हा आठवड्यातून एकदा येऊन वही घेऊन जायचा. त्याच्या प्रबंधाच्या शेवटच्या पानावर 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्यांचे आभार' अशी एक ओळ आहे. त्या कर्मचाऱ्यांत मी येते. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय, हे मला शाळेत शिकवावं लागलं नाही, घरातच पाहायला मिळालं.

सोमवारी मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. डॉक्टर आधीच खुर्चीत बसला होता. मला बसा म्हणालं नाही कोणी.

"बाई, तुमची टाकी अर्धी शेड अडवून बसली आहे," साहेब म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, आता सगळं गणितात निघतं. नवीन गॅस आलाय, त्यावर एकदा शेवटची चाचणी घ्या. डॉक्टर त्यांचे आकडे आधी पाकिटात बंद करून माझ्याकडे देतील. तुमचे आकडे त्यांच्या दहा टक्क्यांत आले, तर टाकी भंगारात काढू."

"आणि नाही आले तर?"

"तर राहील."

"आणि मी?"

"तुला स्टोअरला जागा आहे," डॉक्टर म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला. "तिथं बसून काम आहे, ताई. गुडघ्यांना बरं."

माझ्या गुडघ्यांची काळजी त्याला अठरा वर्षांत पहिल्यांदा वाटली. मी म्हटलं, "माझे गुडघे ठीक आहेत. तू तुझ्या पाकिटाचं बघ."

टाकीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोखंडाचं आडवं पिंप, दोन्ही तोंडांना जाड काचेच्या खिडक्या. आत पंचेचाळीस नळ्या, पाच-पाचच्या नऊ रांगा. चाचणीत नळ्यांमधून पाणी सोडत नाहीत, प्रत्येक नळीत हीटरची कांडी असते आणि तिची घुंडी माझ्या हाताशी. घुंडी वाढवली की नळी तापते, भोवतीचा द्रव उकळतो. खालच्या रांगेचे बुडबुडे वर जाताना वरच्या रांगांना घुसळून काढतात, म्हणून वरच्या नळ्या जास्त काम करतात. किती जास्त, तेच डॉक्टरच्या सूत्रात आहे. माझं काम नळीचं तापमान आणि द्रवाचं तापमान यांतला फरक लिहिण्याचं. फरक कमी म्हणजे उकळणं चांगलं.

यात एक गोम आहे. यंत्र रात्रभर बंद राहिलं की नळीवरच्या बारीक खाचांत अडकलेली वाफ मरते. सकाळी घुंडी हळूहळू वाढवत गेलात तर नळी तापते, पण उकळतच नाही. ढिम्म बसून राहते. तापून तापून मग एका क्षणी सगळीकडून फुटते. आणि एकदा फुटली की घुंडी कितीही कमी करा, ती छान उकळत राहते. म्हणजे चढताना एक आकडा आणि उतरताना, त्याच घुंडीवर, दुसराच. चढते आकडे दोन दिवस सारखे कधी येत नाहीत. उतरते आकडे मात्र रोज जागच्या जागी येतात. म्हणून माझ्या जुन्या प्रमुखांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं: आधी पूर्ण तापवायचं, तासभर उकळू द्यायचं, मग एकेक पायरी उतरत यायचं आणि तेच पक्क्या वहीत लिहायचं.

मी आयुष्यभर तेच केलं. चढताना हात रिकामे ठेवून राहवत नसे, म्हणून ते आकडे कच्च्या वहीत लिहायचे आणि वर शेरा मारायचे: 'खराब. घेऊ नये.'

डॉक्टरनं चाचणीचा कागद पाठवला, त्यात सगळं होतं. गॅस किती, दाब किती, पायऱ्या सात. पायऱ्या चढत घ्यायच्या की उतरत, एवढंच नव्हतं. कारण तो माझ्या टाकीसमोर सबंध एक दिवस कधी उभाच राहिला नव्हता. त्याला आयुष्यभर पक्की वही मिळाली होती. कागद वाचला आणि मला इतकं बरं वाटलं की मी दोनदा चहा प्याले.

घरी गेले तर नवरा पुढच्या खोलीत कुणाचा तरी फ्रिज आडवा पाडून बसला होता. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. आमच्याच कारखान्यात चिलर दुरुस्तीला होता, सगळ्यात वरचा माणूस. चार वर्षांपूर्वी त्याला काढला. हॉस्पिटलांची, दूधकेंद्रांची चिलरं सकाळी सुरू केली की दाब पडून बंद पडायची. हा जायचा, दोन तास खटपट करून चालू करायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दाब पडतो म्हणजे एक तर नळ्या कमी पडतात किंवा गॅस कमी भरलाय. डॉक्टरनं अहवाल लिहिला: गणितानुसार नळ्या पुरेशा आहेत, सबब गॅस कमी भरला असला पाहिजे. आणि कमी भरला तर उरलेला गेला कुठं? विकला. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या कपाळी चोरीचा शिक्का मारून डॉक्टरची सही, खाली पदवीसकट.

तेव्हापासून आमच्या घरी डॉक्टरचं पाऊल नाही. मी त्याला पाण्यात पाहते ते आभाराच्या पानामुळे नाही, या सहीमुळे.

"टाकी काढतायत म्हणे," मिस्त्री मान वर न करता म्हणाला. बातमी त्याच्यापर्यंत कशी पोचते कोण जाणे.

"बघू कोण काढतं ते. उद्या भाऊरायाचं नाक कापते की नाही बघ."

"कशी?"

"चढते आकडे घेणार."

"म्हणजे काय?"

"तुला नाही कळायचं," मी म्हटलं. तो पुन्हा फ्रिजमध्ये वाकला. त्याला काही समजावून सांगायची सवय मी कधी लावूनच घेतली नव्हती. नोकरीत होता तेव्हा रोज जेवताना एकच रड, "सकाळी मशीन उठत नाही गं. दुपारी घोड्यासारखं पळतं, सकाळी उठत नाही." मी म्हणायची, "तुझ्या हाताखाली राहून तुझीच सवय लागली असेल." दोघंही हसायचो. मग मी जास्त हसायला लागले आणि तो कमी. काढल्यानंतर एकदा मी त्याला विचारलंही होतं, खरंच नाही ना विकलास? त्यानं पुढं आठ दिवस स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला साहेब, डॉक्टर आणि मी टाकीपाशी. टाकी रात्रभर गार ठेवली होती, ती मुद्दाम. साहेबांनी पाकीट फोडून कागद क्लिपबोर्डला लावला. मी घुंडी पहिल्या पायरीवर नेली आणि अर्धा तास थांबले. खिडकीत पाहिलं तर आत काचेसारखा द्रव, एक बुडबुडा नाही.

"तुमचं किती?" साहेबांनी विचारलं.

"फरक साडेतीन अंश. डॉक्टरसाहेबांचं?"

"एक पूर्णांक सहा."

डॉक्टर म्हणाला, "तारा तपास, ताई. मोजणाऱ्या तारा सैल असतील."

"तारा माझ्या हातच्या आहेत. तुझं सूत्र कुणाच्या हातचं आहे?"

दुसरी पायरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी माझा आकडा त्याच्या दुपटीच्या वर. त्यानं कॉलरचं बटण काढलं, कॅल्क्युलेटर काढला, परत ठेवला. साहेब आता त्याच्याकडे नुसतं बघत होते. मला खोटं बोलायचं नाही, मी ते दोन तास चवीचवीनं खाल्ले. पाचव्या पायरीला तापमान चढता चढता एकदम खिडकीत पांढरं झालं. खालच्या रांगेतून बुडबुड्यांची लाट उठली, नऊच्या नऊ रांगा दिसेनाशा झाल्या, आणि काट्यावरचा फरक डोळ्यांदेखत निम्म्यावर आला.

डॉक्टर खिडकीला नाक लावून उभा होता. मग हळूच वळला.

"खालून वर गेलीस तू."

"गेले."

"मुद्दाम."

"कागदावर कुठं लिहिलंयस वरून खाली या म्हणून?"

"सगळं जग वरून खाली घेतं. पुस्तकात..."

"पुस्तकात कुठं?"

"तळटीप असते त्याची." तो लाल झाला. "साहेब, ही शुद्ध लबाडी आहे. हिला दोन्ही माहीत आहे आणि हिनं मला पाडणारं निवडलं. वरून खाली घ्यायला लावा, माझं सूत्र दहा टक्क्यांत येईल. पाच टक्क्यांत येईल."

"येईल की," मी म्हटलं. माझी जीभ आता सुटली होती. "पण लबाडी कसली? हॉस्पिटलचं चिलर सकाळी सुरू होतं तेव्हा कुठून कुठं जातं? आधी पूर्ण तापवून, तासभर उकळून, मग खाली येतं? रात्रभर बंद असतं ते. गार असतं. रोज सकाळी ते खालूनच वर..."

माझं वाक्य तिथंच राहिलं.

सकाळी मशीन उठत नाही गं. दुपारी घोड्यासारखं पळतं.

नळ्या उकळत नाहीत म्हणजे वाफ होत नाही, वाफ होत नाही म्हणजे ती खेचणारा कॉम्प्रेसर रिकामं ओढतो, दाब पडतो, मशीन बंद. दोन तास खटपट केली की नळ्या कशाबशा फुटून उकळायला लागतात आणि दिवसभर बिनतक्रार चालतात. यात गॅसचोरी कुठंच नव्हती. नळ्याच कमी होत्या, कारण सूत्र उतरत्या आकड्यांचं होतं, आणि उतरते आकडे मी दिले होते. चढते माझ्याकडे होते. अठरा वर्षं, तारखेवार. मी एका जेवणात जरी नीट कान दिला असता, तरी मला कळलं असतं. आपण हसे लोकांना, शेंबूड आपल्या नाकाला.

डॉक्टरलाही आपला अहवाल आठवला असणार, कारण त्यानं घाईघाईनं विषय हलवला. "हा गॅस नवीन आहे, साहेब. नळ्या नवीन आहेत. आजच्या एका आकड्यावरून जुन्या कशाबद्दल काही सिद्ध होत नाही."

"जुन्या कशाबद्दल कोण बोललं?" साहेबांनी विचारलं. "उद्या सकाळी दहाला. वरून खाली. तेच शेवटचं धरू."

साहेब गेल्यावर डॉक्टर माझ्याजवळ आला. "चढते आकडे तेव्हा का नाही दिलेस मला?"

"मागितलेस का कधी?"

"मला काय माहीत तू लिहीत होतीस ते?"

"एक दिवस उभा राहिला असतास तर माहीत झालं असतं."

"म्हणजे आहेत," तो म्हणाला. मला वाटलं होतं तो ओशाळेल, पण त्याच्या डोळ्यांत हिशेब चालू होता. "ताई, एक सांगतो. त्या वह्या बाहेर आल्या तर मी पडेन, पण तूही पडशील. आकडे लपवले म्हणतील. भाऊजींना तर काय, आता त्यांचं दुकान बरं चाललंय."

त्यानं सांगितलं ते खरं होतं, आणि ते त्याच्या तोंडून ऐकताना मला त्याच्याइतकीच स्वतःचीही किळस आली.

दुपारीच घरी आले. माळ्यावरची पेटी काढली. कच्च्या वह्या सहा निघाल्या. मिस्त्री स्टुलावर बसून एका फ्रिजला रंग देत होता. मी वह्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. नळ्या कशा झोपतात, चढते काय, उतरते काय, सूत्र कशावर उभं आहे. त्याला कळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्यानं हात पुसले आणि पहिली वही उघडली. बराच वेळ पानं उलटत राहिला.

"हे तुझंच अक्षर."

"हो."

"'खराब. घेऊ नये.' का खराब?"

"सारखे येत नव्हते. आज एक, उद्या दुसरे. सुबक येत नव्हते."

"मशीनपण तसंच करायचं. आज दहा मिनिटं, उद्या दोन तास." त्यानं पान उलटलं. "मी तुला रोज सांगत होतो."

"हो."

"तू हसायचीस."

"हो."

"आणि मग विचारलंस, विकला नाहीस ना."

मला म्हणायचं होतं की माझं चुकलं. ते शब्द इतके बारके वाटले की मी म्हटलं, "उद्या दहाला चाचणी आहे. या वह्या साहेबांपुढे ठेवल्या तर सूत्र पडेल, टाकी राहील, तुझं नाव धुऊन निघेल. मला बहुतेक ठेवणार नाहीत."

"ते तुझं तू बघ," तो म्हणाला. "वह्या मी नेणार. तुझ्या हातून नको. वाटेत पुन्हा तुला काही खराब वाटलं तर?"

दुसऱ्या दिवशी तो चार वर्षांनी त्या फाटकातून आत गेला. पहारेकऱ्यानं अडवलं, तर म्हणाला, चोर आलाय म्हणून सांग साहेबांना. साहेबांच्या टेबलावर त्यानं सहा वह्या ठेवल्या आणि खिशातून स्वतःची एक छोटी डायरी काढली. कुठलं चिलर कुठल्या सकाळी, आत येणारं पाणी किती गार असताना, किती वेळ बंद पडलं, त्याची. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर संन्यासी निदान तारखा तरी लिहून ठेवतो. त्याची डायरी आणि माझी वही शेजारी-शेजारी ठेवली की अगदी अडाण्यालाही दिसावं: जेवढी उष्णता कमी, तेवढं उठणं अवघड. डॉक्टर भिंतीला टेकून उभा होता. साहेबांनी त्याला विचारलं, अहवाल तुमचाच ना? तो हो म्हणाला. मग मला विचारलं, शेरा तुमचाच ना? मी हो म्हटलं. चाचणी घ्यायची गरजच उरली नाही.

टाकी राहिली. आता प्रत्येक जुडग्याची चाचणी चढतीसुद्धा होते आणि उतरतीसुद्धा, दोन्ही पक्क्या वहीत. मिस्त्रीला पत्र आलं, त्यात दिलगिरी होती आणि जुनी जागा होती. डॉक्टरची केबिन गेली नाही, असल्यांची जात नाही. त्यानं सूत्रात सकाळचा एक नवा गुणक घातलाय, माझ्याच कच्च्या वह्यांवरून. या वेळी आभाराचं पान आहे का, ते मी पाहायला गेले नाही. मला मात्र साहेब म्हणाले, "बाई, ज्याला दोन आकडे माहीत असून एकच दाखवता येतो, त्याच्या हातात मी घुंडी देऊ शकत नाही."

मी स्टोअरला असते. बसून काम आहे. जाळीच्या खिडकीतून टाकीच्या शेडचं दार दिसतं. घुंडीवर दुसरंच कुणीतरी असतं, आणि ते घुंडी फार भरभर फिरवतं. घरी मिस्त्री माझ्याशी बोलतो. चहा झाला का, दिवा बंद कर, असं बोलतो. मशीनबद्दल बोलत नाही.

कामावर परतल्यावर पहिल्याच आठवड्यात तो स्लिप घेऊन माझ्या खिडकीशी आला. मागं त्याचे दोन सोबती होते.

"बाई, बारा गॅस्केट द्या. चिलरची, मोठी."

सांध्यातून गळू नये म्हणून बसवतात ती रबरी कडी मी मोजून दिली. स्लिपवर वेळ लिहिली, सही घेतली, नक्कल फाडून त्याच्या हातात दिली. तो लगेच गेला नाही. त्यानं ती गॅस्केटं काउंटरवर पसरली आणि माझ्यादेखत, एकेक बाजूला सरकवत, पुन्हा मोजली.

बारा होती.